कणगीतली आत्ती

माझी आत्ती भाताच्या कणगीत झोपायची.

हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो आणि विचारतो, "लहानपणी? लपाछपीत वगैरे?" लहानपणी नाही. पन्नाशी उलटलेली, नऊवारी नेसणारी, गावच्या लग्नाकार्यात पुरणाचा अंदाज जिला विचारत असत अशी बाई रोज कणगीत झोपायची. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, शेणामातीनं लिंपलेली, उभी केली तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. मेढ्याजवळच्या आमच्या घरात अशा तीन होत्या. दोन उभ्या, त्या भाताच्या. तिसरी आडवी, ती आत्तीची. त्या कणगीचं तोंड भिंतीकडं असे. मधल्या फटीतून आत्ती आधी पाय घालून आत सरकायची, कानात तेलाचे बोळे घालायची आणि कणगीच्या तोंडावर घोंगडं ओढून घ्यायची.

एकदा पुण्याचे एक पाहुणे तांदूळ न्यायला आले होते. गावाकडच्या वस्तूंचं फार कौतुक असणारे. मोबाइलवर फोटो काढत काढत ते आडव्या कणगीपाशी पोचले आणि वडील नको नको म्हणेपर्यंत त्यांनी घोंगडं उचललं. आतून आवाज आला, "झाका." पाहुण्यांनी झाकलं आणि तांदूळ न घेताच ते गाडीत जाऊन बसले.

आत्तीचं दुखणं एवढंच, की तिला उजेड टोचायचा आणि आवाज चावायचा. शब्द तिचेच. सगळे आवाज सारखे चावत नसत. "पितळ नुसतं वरबाडतं रं, स्टील हाडापातूर जातंय," असं ती सांगायची. ट्यूबलाइटखाली ती बसत नसे. "नळीत माशी अडाकलीया, मरंना बी आन् गप बी बसंना." आम्ही कान देऊन ऐकायचो, आम्हाला काही ऐकू यायचं नाही. गाईच्या घंटेत तिनं चिंध्या कोंबल्या होत्या. मुकी घंटा घालून हिंडणारी गाय पंचक्रोशीत आमचीच.

शेजारच्या ज्ञानूतात्यांच्या कोंबड्याशी तिचं उभं वैर. त्यावर तिनं शोधलेला उपाय साधा होता. अंधार पडला की ती त्याच्या खुराड्यावर जाड घोंगडं टाकून यायची, म्हणजे उजाडलेलं त्याला कळणार नाही. कोंबडा बिचारा उन्हं अंगणात आली तरी झोपलेला. ज्ञानूतात्या त्याच्याच भरवशावर उठणारे. त्यांची साताऱ्याची एसटी चुकली, कोर्टातली तारीख चुकली आणि ते काठी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"आवं, कोंबड्याला बी कवा तरी झोपू द्या की," आत्ती आतूनच म्हणाली.

या गोष्टी मी हसत सांगतो खरा, पण गावानं तिच्यावर केलेले उपाय आठवले की हसू टिकत नाही. ती पोरसवदा होती तेव्हा तिला बाहेरचं लागलंय असं ठरलं. लिंबू झाले, अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. शेवटी एका देवऋष्यानं अंगातलं काढायचं म्हणून तिच्या कानापाशी हलगी वाजवायला लावली. जिला भांड्यावर भांडं आपटलेलं सोसत नाही, तिच्या कानापाशी हलगी! ती घेरी येऊन पडली, तेव्हा देवऋषी म्हणाला, "निघालं." लोकांनी त्याला नारळ दिला.

त्यानंतर पोरगी बरी झाली असं समजून तिचं लग्न करून दिलं. तेही कुठं, तर नदीपलीकडच्या वाडीत, पिठाची गिरणी असलेल्या घरात. गिरणीवाल्यांचं स्थळ म्हणजे घरबसल्या दळण आणि हातात रोख पैसा. सगळ्यांना पोरीनं नशीब काढलं असं वाटलं. गिरणी होती माजघराच्या भिंतीला लागून, आणि पट्टा फिरायला लागला की फडताळातली भांडीसुद्धा थरथरायची. दिवाळीच्या आत आत्ती परत आली. रिकामी कणगी आडवी पाडली आणि आत जाऊन झोपली. गावानं तेव्हाच तिला वेडी ठरवून टाकलं, आणि ती वेडी नाही हे सांगायला पुढं कुणी उभं राहिलं नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, त्याला मुलं झाली.

वारा तिकडून असला की ती गिरणी आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायची. आत्तीनं जगातल्या प्रत्येक आवाजाला शिव्या दिल्या, पण त्या एका आवाजाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही.

वडील गेल्यावर घरात ती एकटीच उरली, म्हणून मी तिला सांगलीला आणलं. सांगलीत मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघून दिवसभर लोकांना झोपेच्या गोळ्या काढून देतो. आत्ती म्हणाली, "येते, पर कणगीसंगं." कणगी टेंपोतून आली, जिन्यात अडकली, आणि ती वर चढवताना अख्खी बिल्डिंग बघायला जमली. आमच्या घरात एक बिनखिडकीची अडगळीची खोली होती. तिथं काळोख बघून आत्तीचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. "राजवाडा हाय की रं दत्त्या," ती म्हणाली.

आठवड्याभरात घर तिच्या शिस्तीत आलं. दारावरची बेल मुकी झाली. टीव्हीच्या डब्याचा लाल दिवा, चार्जरचा हिरवा, मिक्सरचा निळा, सगळ्यांवर तिनं माझ्याच दुकानातली चिकटपट्टी लावली. "डोळं झाकलं त्येंचं. सारखं बघत्यात माणसाकडं." कुकर ती पदरात धरून उतरवायची आणि शिट्टीची शिक्षा म्हणून त्याला कोपऱ्यात ठेवायची. माझी बायको वैशाली आधी वैतागली. नंतर एकदा म्हणाली, "खरं सांगू का, घर जरा बरं वाटतंय."

तिला तसं वाटण्याचं कारण आमची सई. सई तेव्हा चार वर्षांची होती आणि जन्मापासून तिची झोप आम्ही पाहिलीच नव्हती. आमचं घर साखर कारखान्याच्या रस्त्यावर. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून जायचे, त्यांचे दिवे भिंतीवरून फिरायचे, आणि सई कान दाबून किंचाळायची. थकून डोळा लागला तरी पुढच्या ट्रॅक्टरला पुन्हा तेच. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हा हट्ट नाही. तिच्या कानाडोळ्यांना सगळंच जास्त पोचतं. शांतता द्या, अंधार द्या." शांतता कुठं मिळते ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. सासूबाईंनी जतच्या बाजूच्या एका देवऋष्याचं नाव काढलं, तेव्हा आत्ती कधी नव्हे ते ओरडली.

"खबरदार! पोरीला काय बी झाल्यालं न्हाई. तिला चावतंय."

पुढं एका दुपारी सई घरात दिसेना. वैशाली जिन्यातून खालीवर पळाली, मी दुकानातून धावत आलो. शेवटी अडगळीच्या खोलीत पाहिलं. सई कणगीत गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. आत्ती उंबऱ्यात बसून पदर आडवा धरून उजेड अडवत होती. तिचे हात भरून आले होते, पण तिनं आम्हाला पदराला हात लावू दिला नाही.

त्या दिवसापासून कणगी सईची झाली. सई झोपायला लागली, हसायला लागली, बालवाडीत जायला लागली. आत्तीनं आपलं अंथरूण गॅलरीत टाकलं, रस्त्याच्या बाजूला. मी हरकत घेतली तर म्हणाली, "मला आता कुटं काय ऐकू येतंय रं? म्हातारी झाले. बरं झालं, कान गेलं ते. डोळ्याला बी लय दिसत न्हाई." ती हाकेला ओ देईनाशी झाली, दोनदा विचारल्याशिवाय उत्तर देईना. मी कानाचं मशीन आणतो म्हणालो, तर माझ्यावरच उखडली. आम्हाला सोयीचं होतं, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. हंगामभर ती गॅलरीत झोपली.

त्या वर्षीचा हंगाम संपत आला होता. रविवारची दुपार. सई आत झोपलेली, वैशाली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली, मी पेपर वाचतोय. आत्ती गॅलरीत आमच्याकडं पाठ करून शेंगा फोडत बसली होती. शेंगाही ती ओल्या फडक्यात धरून फोडायची, सवयीनं. मान न वळवता ती म्हणाली, "दत्त्या, दूध वर आलं बघ."

मी धावत जाऊन गॅस बंद केला. साय पातेल्याच्या काठाला टेकली होती, अजून उतू गेली नव्हती. गॅलरीपासून स्वयंपाकघर म्हणजे अख्खं घर मधे. मी चांगल्या कानांचा माणूस शेजारच्या खोलीत होतो, मला ऐकू आलं नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. "आत्ती, तुला ऐकू येतंय."

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताशी झोपलीया."

जवळून पाहिले तेव्हा तिचे डोळे लाल होते, भोवती काळं झालं होतं. मी म्हणालो, "अगं, सगळा हंगाम तू झोपलीच नाहीस! आपण दुसरी कणगी आणू, काहीतरी करू."

"एकाच अंधाऱ्या खोलीत दोन कणग्या मावत न्हाईत. आन् मला झोपून करायचं काय हाय?" ती शेंगा फोडत राहिली. मग खालीच बघून म्हणाली, "वाडीला हुते तवा त्यो दुपारची गिरणी बंद करायचा. दळणाची रांग लागल्याली, बाया शिव्या घालायच्या, म्हातारा सासरा त्येला मारायला उठायचा. तरी बंद करायचा. म्हनायचा, घटकाभर नीज. म्हाताऱ्यानं धाडलं मला माघारी, त्येनं न्हाई. तेवढीच खरी झोप लागली बग मला."

नवऱ्याबद्दल ती आयुष्यात एवढंच बोलली. मी काही विचारायच्या आत तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि गूळ आणायला पाठवलं.

पुढचे दोन हंगाम तिनं गॅलरीतच काढले. मी पडदे लावले, जाड पुठ्ठे ठोकले, ती "लय झ्याक" म्हणायची. या उन्हाळ्यात गावी गेली होती, तिथंच गेली. झोपेतच गेली. गाव म्हणालं, भाग्यवान म्हातारी. कणगी तर सांगलीलाच होती.

आम्ही पोचलो तेव्हा बायका तिच्या कानात कापसाचे बोळे घालत होत्या. सई जवळ गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अजून आत घाला. असं नाही पुरत तिला." बायका रडायच्या थांबून तिच्याकडं बघत राहिल्या.

अंगणात भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन उभी होती. पिकलं पान वाजतगाजत न्यायची आमच्याकडची रीत. मी म्हणालो, "टाळ नकोत."

"आवं, म्हातारीला असं मुकं न्यायाचं?" मंडळाचे म्होरके म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "मुकंच."

कुरकुर झाली, पण टाळ पिशवीत गेले. आम्ही तिला तशीच नदीकडं नेली. कुणी बोलत नव्हतं, वहाणा तेवढ्या वाजत होत्या. काठावर आलो तशी पलीकडची गिरणी ऐकू यायला लागली, भर दुपारची, जोरात. सईनं माझा हात घट्ट धरला. आम्ही तिरडी खाली ठेवली आणि गिरणी थांबली.

"लाईट गेली वाटतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

पलीकडं गिरणीच्या दारावर भर उन्हात विसरलेला बल्ब जळत होता. त्याच्याखाली पिठानं पांढरा झालेला एक म्हातारा उभा होता. आमचं सगळं आवरेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, आणि तोवर गिरणी सुरू झाली नाही.