शॉकवाल्या बाई

लिंबायतच्या मराठी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या सरलाबाईंचा एक ठाम दावा होता: आपण ठरवलं तर आपल्या घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. १९७४ साली त्यांना ठरवावंच लागलं. मुलगी उज्ज्वला हिच्या जन्मापासून त्यांना लघवी आवरत नसे. शिंक आली, हसू आलं, कुणी नळ सोडला, की संपलं. वर्गात साठ पोरं आणि शाळेची मुतारी पटांगणाच्या पलीकडे. बाई कधी हसत नाहीत म्हणून मुलं त्यांना टरकून असत. खरं कारण त्यांना कोण सांगणार?

मोठ्या दवाखान्यात परदेशातून शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्याने समजावलं, "बाई, खालच्या नसेला बारीक वीज दिली, की तिचा निरोप पाठीच्या कण्यात जातो. तिथून मूत्राशयाला हुकूम सुटतो, गप्प बस. शरीराची ही स्वतःचीच सोय आहे. आपण फक्त आठवण करून द्यायची."

हुकूम आणि गप्प बस, हे बाईंना एकदम पटलं. मंगळवार-शुक्रवार, सकाळची शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला, रंगाईच्या मिलमधल्या सुकदेवरावांना, बजावलं, "माझा आजार कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार," सुकदेवराव म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते.

वीज म्हणजे मुंग्या चालल्यासारखी गुदगुली. महिन्याभरात फरक पडला. शिक्षकांच्या खोलीत त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या आणि काहीही झालं नाही. आणखी चांगल्या गोष्टी घडू लागल्या. वर्ग चिडीचूप बसू लागला. हेडमास्तर आपणहून म्हणाले, "पेपर मी तपासतो, तुम्ही ताण घेऊ नका." आपल्या शिस्तीचं हे फळ, असं बाईंना वाटलं.

मग एका संध्याकाळी शेजारच्या धुरपदाबाई ब्राह्मी तेलाची बाटली घेऊन आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "डोकं आते शांत शे का वं माय? शॉक देतस तवय तोंडात कापूस ठेवतस का?"

बाईंच्या कानशिलातून वाफा निघाल्या. सुकदेवराव घरात पाऊल टाकतात तोच त्यांनी गाठलं. "तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"आजार नाही सांगितला," सुकदेवराव अभिमानाने म्हणाले. "तुला दवाखान्यात न्यायला सुटी मागितली, तेव्हा सायबानं विचारलं कशाला. मी म्हटलं, शॉक द्यायला. बस, पुढे एक अक्षर नाही."

"अहो, पण शॉक वेड्यांना देतात."

सुकदेवरावांनी टोपी खुंटीला अडकवली. "हां," ते म्हणाले, "ते माझ्या ध्यानात नाही आलं."

एवढ्यावर निभावलं असतं तर बाईंनी वेडेपणा पत्करलाही असता. खऱ्या आजारापेक्षा तो बरा. पण उज्ज्वलाचं लग्न नंदुरबारला ठरत आलं होतं. रविवारी मुलाची आई उषाबाई, मुलगा आणि त्याचे काका आले ते तारीख काढायला नव्हे. चहाला हात न लावता उषाबाई म्हणाल्या, "राग मानू नका. पोरगी गुणाची आहे. पण हे दुखणं रक्तात उतरतं म्हणतात."

आतल्या खोलीतून उज्ज्वलाचा हुंदका ऐकू आला. सुकदेवराव घसा खाकरून म्हणाले, "तसं नाही, हिची म्हणजे, कंबर..."

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "उषाताई, माझं डोकं तुम्हा सगळ्यांपेक्षा ठिकाणावर आहे. मला लघवी आवरत नव्हती. सतरा वर्षं. शॉक तिथे देतात, डोक्याला नाही."

काका कपबशीत बघू लागले. मुलगा छताकडे. उषाबाईंनी आधी त्या दोघांकडे, मग सुकदेवरावांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुरुषमाणसांनी जरा ओट्यावर बसावं."

दार लागल्यावर त्या सरकून जवळ आल्या. "शिंक आली तरी?"

"शिंक आली तरी."

"दुखतं?"

"मुंग्या येतात फक्त."

उषाबाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि दिवाळीनंतरची तारीख धरा म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी बाई दवाखान्यात पोचल्या तर बाकावर धुरपदाबाई, हेडमास्तरांची बायको, आणि पहाटेच्या गाडीने आलेल्या उषाबाई. रविवारचं बोलणं उंबऱ्याबाहेर गेलंच होतं. मशीन एकच, नव्यांची तपासणी लांबलचक.

"बेन, बेसो. बहारगामवाला पहेलां," नर्स गुजरातीत म्हणाली. "उठशो तो नंबर जशे." म्हणजे उठलं की नंबर गेला.

ज्यांनी आपल्याला वेडी ठरवलं, त्यांच्या मागे रांगेत बसायचं! बाई दात-ओठ खात बसल्या. दोन तास दहा मिनिटांनी आत गेल्या आणि डॉक्टरवर तुटून पडल्या. "एकदाही उठता आलं नाही मला. काय ही पद्धत?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "दोन तास? उठलाच नाहीत?"

"उठणार कशी?"

"मग बाई, तुम्ही बऱ्या झालात," त्याने कार्डावर रेघ मारली. "आता यायचं कारण नाही. पुढच्यांना पाठवा."

एवढं बसवून शॉकसुद्धा नाही! बाई तणतणत बाहेर आल्या. औषध घेत थांबलेल्या उषाबाईंनी विचारलं, "इतक्यात झालं?"

"झालं," बाई फणकाऱ्याने म्हणाल्या आणि मुतारी कुठे आहे ते नर्सला सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात विचारलं.