अर्धा चमचा खत

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांची झाडं सोमवारी उपास करतात. अप्पा स्वतः महादेवाचा कडक सोमवार धरतात आणि घरातल्या सगळ्यांनीच तो धरावा असा त्यांचा आग्रह असतो. घरातलं कुणी ऐकत नाही. झाडं ऐकतात. रविवारी खत, सोमवारी नुसतं पाणी, हा नेम. झाडाला कसला आलाय उपास, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कालचं खाल्लेलं जिरायला नको का? नुसत्या पाण्यानं माती धुऊन निघती. तुमी बी धरून बघा, पोट कमी हुईल." अप्पांशी बोलताना विषय आपल्या पोटावर कधी येईल याचा नेम नसतो.

जिंतूरला त्यांची आणि आमची गच्ची एकमेकींना लागून आहे. मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे अप्पांच्या मते रिकामाच असतो. त्यांचं खताचं दुकान होतं. कापूसवाल्याला, सोयाबीनवाल्याला "अजून एक बॅग टाका, काय हुत न्हाई" असं सांगण्यात त्यांची उभी हयात गेली. मग दुकान पोराच्या हाती देऊन ते गच्चीवर चढले, चाळीसेक बोन्साय मांडून बसले आणि अर्ध्या चमच्याच्या वर खत घालायला तयार होईनात. मी हे दाखवून दिलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. तेव्हा धंदा होता, आता अक्कल आली, म्हणाले.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुरटवणं, असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. परभणीहून आलेला माझा मेव्हणा ते बोलून बसला. अप्पांनी त्याला भर उन्हात तासभर उभं केलं. लहान झाडाला उलट खाऊच घालायचं असतं, पण थोडं थोडं. पालवी फुटायच्या दिवसांत, तेही माती ओली करून. कोरड्या मातीत खत पडलं की मुळं जळतात. कुंडी बदलली तर महिनाभर खताचं नाव काढायचं नाही. बुंधा चांगला भरला की मग उथळ कुंडीत बसवायचं आणि हात आखडता घ्यायचा. "उपास येगळा, उपासमार येगळी," हे त्यांनी मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मेव्हणा चहा न घेता परभणीला गेला आणि अजून आलेला नाही. त्याबद्दल मी अप्पांचा ऋणी आहे.

एकदा गल्लीत भयंकर वास सुटला. उंदीर मेला असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरातलं कपाट सरकवलं, दिवाण उभा केला. अप्पा स्वतः बॅटरी घेऊन मदतीला आले, दोन तास कोपरे धुंडाळले, दोन कप चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तर त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची पेंड भिजून फसफसत होती. झाडांचा खुराक. मी नाक धरून डब्याकडे बोट दाखवलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "व्हय, ह्याचा येतो थोडा. पण मला वाटलं तुमच्याकडं खरंच उंदीर हाय."

या सगळ्या झाडांत एक चिंच होती, हातभर उंचीची. ती पालथ्या घमेल्यावर वेगळी ठेवलेली असायची. दर महिन्याला अप्पा तिच्या बुंध्याला दोरा गुंडाळून बघायचे आणि मागच्या महिन्याच्या दोऱ्याशी ताडून बघायचे. खूप दिवस काही बोलले नाहीत. मग एकदा आपण होऊन सांगितलं.

गावाकडे बोरीला अप्पांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या, गुरुलिंगअण्णांच्या, शेताच्या बांधावर मोठी चिंच होती. वाटणी झाल्यावर ती कुणाची यावरून दोघे असे पेटले की शेवटी ती तोडली आणि लाकूड निम्मं निम्मं करून घेतलं. तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. घरात तिचे मूठभर चिंचोके राहिले होते. अप्पांनी ते रुजवले, त्यातला हा एक जगला.

"अण्णाला द्यायचीय," अप्पा म्हणाले. "पण बुंधा आंगठ्याएवढा झाल्याबिगर न्हाई. आत्ता नेली तर म्हणंल, माझं झाड तोडलं अन् काडी पाठवली." अण्णांचं हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. अप्पांना ते तिसऱ्याकडून कळलं होतं. घाई होती ती म्हणून.

पावसाळ्यात अप्पा दहा दिवस लेकीकडे पुण्याला गेले आणि झाडं माझ्यावर सोपवून गेले. सगळ्यांना अर्धा चमचा, फक्त रविवारी. मी चाळीस झाडांना तसंच घातलं. चिंचेची गोष्ट ठाऊक झाल्यामुळे तिच्यावर मात्र माझी माया उतू गेली. रविवारी पूर्ण चमचा, सोमवारी उपासाच्या दिवशी आणखी एक, बुधवारी आणखी एक. अप्पा परतले तोवर पानांच्या कडा करपल्या होत्या आणि खाली सडा पडला होता. मी ऊन, वारा, कीड अशी कारणं पाठ करून ठेवली होती. अप्पांनी माती चिमटीत घेऊन हुंगली आणि एवढंच विचारलं, "किती घातलं, सर?"

मी खरं सांगितलं. त्यांनी चिंच घमेल्यावरून खाली घेतली. मग बादलीभर पाणी आणून हळूहळू माती धुवायला लागले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुमचं काय चुकलं," ते पाठमोरेच म्हणाले. "माझा बी हात दोनदा गेला हुता डब्यात. पण त्याची भूक बघावी लागती. आपली घाई न्हाई."

पुढचे दोन महिने मी दात घासायच्या आधी गच्चीवर जायचो. आमच्या घरात मी इतका कुणासाठी झुरलेला नाही, असं बायकोनं ऐकवलं. ते खरं होतं. शेवटी एका फांदीवर पोपटी ठिपका दिसला. अप्पांनी खत परत सुरू केलं, पण पाव चमच्यापासून.

पुढचा पावसाळा सरला तरी बुंधा अंगठ्याला जरासा कमीच भरत होता. अप्पांनी दोरा स्वतःच्या अंगठ्याला लावला, मग माझा हात ओढून माझ्या अंगठ्याला लावला. "तुमचा बारीक हाय. ह्योच धरू," म्हणाले आणि चिंच तयार झाल्याचं जाहीर केलं. पण बोरीला जाणार कोण? थोरल्यानं हाक मारल्याशिवाय ते जाणार नव्हते. म्हणून चिंच मांडीवर घेऊन एसटीत मी बसलो.

अण्णा ओसरीवर बसले होते. हुबेहूब अप्पा, फक्त वाळलेले. ही बांधावरच्या चिंचेची आहे, एवढंच मी सांगितलं. त्यांनी कुंडी जवळ ओढली, बुंध्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. भावाचं नाव मात्र काढलं नाही. "खत काय घालतोय ह्याला?" त्यांनी विचारलं.

मला ते तोंडपाठ होतं. माझ्याएवढी किंमत मोजून ते कुणी शिकलं नसेल. पण मी म्हणालो की मला त्यातलं काही कळत नाही, आणि अप्पांना फोन लावून अण्णांच्या हातात दिला.

"मी हाय," अण्णा म्हणाले. मग त्यांनी कुंडीतली माती चिमटीत घेतली. "खत किती घालायचं?"

फोनमधला अप्पांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. येत्या रविवारी अर्धा चमचा, आधी पाणी घाल.

"अन् त्याच्या फुडच्या?"

"त्ये त्या रविवारी सांगतो."

संध्याकाळी परतल्यावर मी अप्पांना धरलं. दर रविवारी अर्धाच चमचा तर असतो, मग एकदाच का नाही सांगून टाकलं?

"समदं एकदाच सांगितलं," अप्पा म्हणाले, "तर फोन कामून करंल त्यो?"

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी अप्पांनी गच्चीवरच्या एकाही झाडाला खत घातलं नाही. अंघोळ करून, भस्म लावून, फोन समोर ठेवून ते सकाळपासून बसून होते. अकरा वाजता तो वाजला.