संगप्पाची हरवलेली सिगारेट

लातूर जिल्ह्यात गुन्हेगारी का वाढत नाही, याचं उत्तर पोलीस खात्याला माहीत नाही. मला माहीत आहे. ते उत्तर म्हणजे मी.

मी, शेषेराव बिराजदार. उंची पाच फूट चार इंच, नजर घारीची, चष्मा उणे पाचचा. पोटासाठी मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. थेट नांदेडहून पोरं येतात माझ्याकडे, नांदेडचे क्लास फुल्ल झाले की. पण माझा पिंड डिटेक्टिव्हचा. आजवर मी अकरा प्रकरणं हाताळली. त्यातली नऊ आपोआप सुटली, एक बायकोनं सोडवलं आणि एकात फिर्यादीनंच हात जोडले, की सर, चोरी परवडली पण तपास आवरा.

बारावं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्यात माझी अब्रू, माझी मुलगी आणि एक सिगारेट, असं सगळंच पणाला लागलं होतं.

झालं असं, की आमच्या पुनमला सीईटीत मेडिकलसाठी चार मार्क कमी पडले. केमिस्ट्रीतच कमी पडले, पण तो विषय घरात कुणी काढत नाही. मी म्हटलं, रिपीट कर. लातुरात रिपीटर बॅचला बसणं हा आता सोळा संस्कारांतलाच एक झालाय. ती म्हणाली, मला मेडिकल नकोच आहे, मला परभणीला ॲग्रीला जायचंय. माझ्या बापानं बैल विकून मला शिकवलं ते मातीतून सुटावं म्हणून, आणि ही बया परत मातीत चालली! मी तिला मनोनिग्रहावर अर्ध्या तासाचं लेक्चर दिलं. एक वर्ष दात-ओठ खाऊन बसलं तर माणूस काय करू शकत नाही? ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही आजपर्यंत किती वेळा सिगारेट सोडली?"

"चौदा," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग पंधराव्यांदा सोडा. ॲग्रीच्या फॉर्मची शेवटची तारीख चाळीस दिवसांनी आहे. तोपर्यंत एक झुरका नाही घेतला, तर मी गुपचूप रिपीटर बॅचला बसते. घेतला, तर फॉर्मवर सही करायची."

मी तिथल्या तिथे हातावर हात मारला. करारात फक्त सिगारेटचा उल्लेख होता, रमचा नव्हता. त्यामुळे दर रविवारी दुपारी, सकाळची टेस्ट सीरिज उरकली की, औसा रोडवर हणमंतरावांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं जे बसणं असतं ते चालू राहिलं. आणि इथंच सगळी गोम आहे. वर्गात सिगारेटची आठवण येत नाही. घरी येत नाही, बायको येऊ देत नाही. पण दुसऱ्या पेगनंतर उजवा हात पोरका होतो. त्याला काय करावं ते सुचत नाही. मी त्याला शेंगदाणे दिले, काडेपेटीची काडी दिली, एकदा तर खिशातला खडू दिला. एकोणचाळीस दिवसांत शेंगदाण्यांनी माझं वजन चार किलोनं वाढलं. शिवाय दर रविवारी मी वाऱ्याची दिशा बघून संगप्पाच्या बरोबर समोर बसायचो. धूर आपल्या पायांनी माझ्या नाकात येत असेल तर तो गुन्हा नव्हे, हवामान आहे.

संगप्पा म्हणजे मूळचा निलंग्याकडचा. बाहेरगावच्या पोरांसाठी मेस चालवतो आणि पोळी लाटावी तितक्या सहजतेनं सिगारेटी ओढतो. हणमंतराव शेताचे मालक, त्यांची बैठक आणि त्यांचीच रम. चौथा शारिक, याचं झेरॉक्स आणि नोट्स बाइंडिंगचं दुकान. शारिक पीत नाही, ओढत नाही, फक्त मटण खातो आणि आमच्या तिघांच्या पेगांचा हिशेब डोक्यात ठेवतो.

तो एकोणचाळिसावा दिवस होता. उद्या सोमवार, फॉर्मची शेवटची तारीख. मी जवळजवळ जिंकलो होतो.

"लास्ट हाय बघा," संगप्पानं पाकीट चुरगाळलं आणि शेवटची सिगारेट पेटवली. "टपरी पार फाट्यावर. आता हिच्यावरच दिवस काढायचा." दोन झुरके घेऊन त्यानं ती कांद्याच्या ताटाच्या कडेवर ठेवली, माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"शेषेराव, एक झुरका घ्याव काय? कुणाला सांगत न्हाई," हणमंतराव म्हणाले.

"मी वासही घेत नाही," मी म्हणालो आणि खोल श्वास घेतला.

तेवढ्यात जमिनीतून गुरगुर आली आणि शेडचे पत्रे थडथडले.

किल्लारीच्या भूकंपाला आठ वर्षं होत आली होती, पण लातूरकराला धक्का बसला की विचार करायला डोकं लागत नाही, पाय करतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत आम्ही सगळे बाहेर मोकळ्यात. अशा वेळी हाताला जे लागेल ते माणूस उचलतो. हणमंतरावांच्या एका हातात बाटली, दुसऱ्यात ग्लास. शारिकनं मटणाचं पातेलं उचललं होतं. संगप्पाच्या हातात एक चप्पल होती, तीही माझी. मग रिवाजाप्रमाणे सगळे शेडकडे टक लावून उभे राहिलो, पडतंय का बघत. दुसरा धक्का येतो म्हणून पाच मिनिटं थांबायचं असतं. तसे थांबलो. तो आला नाही.

आत गेलो आणि संगप्पानं बोंब ठोकली.

"अय्यो! माझी सिगरेट कुठं गेली?"

ताट होतं, कांदा होता. सिगारेट नव्हती.

मी सावकाश पुढे झालो आणि चष्मा पुसला. खरं सांगतो, त्या क्षणी माझं डोकं इतकं स्वच्छ झालं होतं की बस. एकोणचाळीस दिवस मेंदूवर जे मळभ होतं ते कुठल्या कुठे गेलं होतं. हात थरथरत नव्हता, शेंगदाण्याची आठवण नव्हती. प्रतिभावंत माणसाला प्रकरण मिळालं की असं होतं, अशी मी मनात नोंद केली.

"कुणीही जागेवरून हलू नये," मी म्हणालो. "ही केस मी घेतो."

"घ्या, पण पयलं मटण खाऊ द्या," शारिक म्हणाला.

यावरून मी पहिला संशय शारिकवरच घेतला. शुद्धीतला माणूस नेहमी संशयास्पद असतो, कारण आपण काय करतोय ते त्याला कळत असतं. मी त्याला तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. लवंग, मसाला, नळी.

"सर, मेरी अम्मी भी इत्ता चेक नहीं करती," तो म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत गरम पातेलं होतं, बोटांवर फोड आला होता. शारिक सुटला.

मग हणमंतराव. बाटली आणि ग्लास, दोन्ही हात गुंतलेले. पण तोंड? तोंड मोकळं होतं! मी त्यांना तसंच दोन्ही हात भरून वाकायला लावलं आणि ताटातून सिगारेटऐवजी ठेवलेली काडी ओठांनी उचलायला सांगितली. त्यांना ती उचलता आली नाही, पण वाकताना ग्लास सांडला.

"आता बास कर रे बाबा," हणमंतराव म्हणाले. "माजी रम सांडून राहिलाव आन् सिगरेट हुडकून राहिलाव."

मग मी भूगर्भीय सिद्धांत मांडला. धक्क्यानं ताट हललं, सिगारेट घरंगळली आणि जमिनीच्या भेगेत गेली. उतार मोजण्यासाठी मी लिंबू सोडलं. ते सरळ दाराबाहेर गेलं आणि तिथं बांधलेल्या शेळीनं खाल्लं. क्षणात मला सगळं लखलखीत दिसलं. शेळी! जी लिंबू खाते ती तंबाखू का नाही खाणार? मी शेळीचं तोंड हुंगायला वाकलो. शेळीनं मला जी धडक दिली ती अजून थंडीत दुखते.

मी अंग झाडत उठलो तेव्हा माझ्या शर्टावर राख दिसली. बारीक, ताजी राख.

"पुरावा!" मी ओरडलो. "गुन्हेगार माझ्या जवळून गेला. राख माझ्यावर उडाली. म्हणजे वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता."

माझ्या तर्जनीलाही चटका बसलेला होता. तो मी परवाच्या ॲसिडच्या प्रॅक्टिकलच्या खात्यावर टाकला. संगप्पा माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मला वाटलं, माझ्या बुद्धीनं दिपला.

तेवढ्यात साखराबाई भाकरीची चवड घेऊन आल्या. त्या आणि त्यांचे यजमान हणमंतरावांचं शेत सांभाळतात. मूळच्या किल्लारीकडच्या. आमचा तो एकंदर अवतार बघून त्यांनी विचारलं, "काय हुडकून राहिलाव समदे?"

"संगप्पाची सिगारेट चोरीला गेली," मी म्हणालो. "तुम्हाला कुणी संशयित इसम दिसला का?"

"चोरीला?" साखराबाईंनी भाकरी खाली ठेवल्या. "ती तर तुमीच वडली की, सर."

शेळी तेवढी ओरडली.

"धक्का बसला तवा समद्यात पयले तुमीच पळालाव. सिगरेट तोंडात धरूनच. तिथं बोरीखाली हुबं राहून फकाफका समदी वडलाव. मंग पायाखाली इझवलाव."

"अशक्य," मी म्हणालो. "या तिघांपैकी कुणीच कसं बघितलं नाही?"

"ह्ये समदे शेडाकडं बघत व्हते. मी माणसांकडं बघत व्हते." त्या पदर नीट करत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरात त्या रातीला दोन कमी भरले. तवापासून धक्का बसला की मी घराकडं बघत न्हाई. आदी माणसं मोजते. तुमाला दोनदा मोजलं, धुरात नीट दिसंना म्हणून."

मी पाय वर केला. पळताना पायात राहिलेली दुसरी चप्पल उलटी केली. तळाला थोटूक चिकटलं होतं, संगप्पाच्याच ब्रँडचं. मला लाज वाटली, सिगारेट ओढल्याची कमी आणि इतका वेळ इतरांची तोंडं हुंगल्याची जास्त.

मित्र मात्र देवमाणसं. संगप्पा सिगारेट विसरला आणि माझ्या बाजूनं उभा राहिला. "ह्ये वडणं न्हवं, ह्यो अपघात हाय. भूकंपाच्या नुकसानीत धरायचं."

"पुनमला कोण सांगून राहिलंय?" हणमंतराव म्हणाले. "एकच दिस राहिलाय. उद्या तारीख संपली की तुमी जिकलाव."

शारिकनं दोन लवंगा हातावर ठेवल्या. "चबाव सर. भाभीकू भी समजनेका नहीं."

मी लवंगा चघळत स्कूटरवर निघालो. औसा रोड ते घर, वीस मिनिटं मी एकच वाक्य पाठ करत होतो: आज शेंगदाण्यांवरच काढला दिवस. वाक्य सोपं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. पुनम निमूट वर्षभर बसली असती, चार मार्क मिळाले असते, डॉक्टर झाली असती. जन्मभर मला दुवा दिला असता. तरी गांधी चौकात सिग्नलला थांबलो आणि साखराबाईंचं ते मोजणं आठवलं. भुई हलली तेव्हा मी पळालो, आणि मला पोरगी आठवली नव्हती, बायको आठवली नव्हती. मी सिगारेट उचलली होती. आणि अशा माणसानं पोरीला मनोनिग्रह शिकवायचा होता.

घरी आलो. पुनम दारातच होती. सगळ्या लातूरचा त्या दिवशीचा पहिला प्रश्न तिनं विचारला, "पप्पा, तिकडं जाणवला का धक्का?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बोललो.

"जाणवला. आणि मी सिगारेट ओढली. अख्खी. मला कळलंही नाही, पण ओढली."

ती आत गेली आणि फॉर्म घेऊन आली. सगळा भरलेला, फोटो चिकटवलेला, शाई कधीची वाळलेली. फक्त पालकाच्या सहीची जागा मोकळी.

"म्हणजे तुला खात्रीच होती," मी म्हणालो. मला जरा रागही आला. "बापावर एवढाही विश्वास नाही?"

"खात्री नव्हती. म्हणून रोज तुमचा शर्ट धुवायला टाकायच्या आधी वास घेत होते."

एकोणचाळीस दिवस माझ्यावर पाळत होती आणि जिल्ह्यातल्या एकमेव डिटेक्टिव्हला पत्ता नव्हता.

"सापडावा म्हणून?"

"नाही हो पप्पा." तिचा आवाज एकदम बसला. "सापडू नये म्हणून."

तिला परभणीला जायचं होतं, आणि त्याचा रस्ता माझ्या शर्टातून जात होता, आणि ही पोरगी रोज सकाळी तो शर्ट नाकाला लावून वास येऊ नये अशी वाट बघत होती. मी फॉर्म तिथंच उंबऱ्यावर गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. सही जरा वाकडी आली.

तिनं फॉर्मवर फुंकर घातली, घडी न पडेल असा वहीत ठेवला आणि डोळे पुसून पहिल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आता उद्या परत एकपासून. मी दर शनिवारी परभणीहून येत जाईन. रविवारचा शर्ट तेवढा मी येईपर्यंत आईला धुवू द्यायचा नाही."