रोबोटची पूजा आणि दगडोबाची छाती

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, फक्त रोबोट नव्हता. शेजारच्या जंगलातही नव्हता. म्हणूनच तो आपल्याकडे आधी यायला हवा, असं इस्पितळाचे अध्यक्ष गवारेडासाहेब यांनी ठरवलं.

रोबोट आला. त्याला चार बारीक हात होते. आता बायपाससाठी छाती उभी फाडायला नको. बोटाएवढ्या भोकांतून तो आत शिरणार. चालवणार मात्र डॉक्टर अंबूताई वानरीण. सहा महिने त्या त्यावर हात बसवत होत्या.

पहिला रोगी ठरला दगडोबा अस्वल. जन्मभर मध, मोहाची फुलं आणि दुपारची झोप. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेल्या. दहा पावलं चाललं की छातीत कळ. बिचारा फार भ्यायला होता. छोटीच भोकं पडणार म्हटल्यावर त्याला जरा धीर आला.

उद्घाटनाच्या दिवशी दगडोबाला टेबलावर झोपवलं. तेवढ्यात बगळेभटजी आत शिरले. त्यांनी रोबोटला हळदकुंकू वाहिलं, चारी हातांत झेंडूचे हार अडकवले आणि पायाशी नारळ फोडला. अंबूताई "अहो जंतू, जंतू!" म्हणून ओरडत राहिल्या.

शेवटी त्या हार काढायला पुढे झाल्या.

"हां, हां! पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत," भटजी म्हणाले. "उद्या उत्तरपूजा झाली की खुशाल चालवा."

"रोगी टेबलावर आहे, भटजी!"

"मग त्यालाही कुंकू लावू."

दगडोबाच्या छातीत अशी कळ आली की डोळे पांढरे झाले. "बाई," तो कण्हला, "मला उद्यापर्यंत नाही जमायचं."

गवारेडासाहेब सगळ्यांना घेऊन भाषणांसाठी मंडपात गेले. अंबूताईंनी रोग्याला जुन्या खोलीत नेलं, भूल दिली, वीतभर छेद घेतला आणि आपल्या दोन हातांनी हृदयाला तीन नव्या वाटा शिवून दिल्या. बाहेर भाषणं चालूच होती, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला.

दगडोबा जगला. पंधरा दिवसांनी रोबोटने वाचवलेला पहिला रोगी म्हणून त्याचा सत्कार झाला. शाल अंगावर पडताच तो म्हणाला, "मला रोबोटने नाही, अंबूताईंनी वाचवलं. हे बघा वीतभर टाके!"

"अरेरे," गवारेडासाहेब हळहळले, "भूल अजून उतरली नाही वाटतं."

टाळ्या पडल्या. दगडोबाला राग आला, रडूही आलं.

उत्तरपूजा राहिली ती राहिलीच. एवढ्या पावलेल्या रोबोटला हलवणार कोण? रोगी त्याच्यापुढे नारळ ठेवत आणि मागच्या दाराने अंबूताईंकडे जात. महिन्याभरात अध्यक्षांनी बाईंना पत्र दिलं: 'सर्व काम रोबोट करत असल्याने आपण विश्रांती घ्यावी.'

तिसऱ्याच दिवशी गवारेडासाहेबांच्या छातीत कळ आली. लोकांनी त्यांना उचलून थेट रोबोटपुढे ठेवलं. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, एकट्या दगडोबाला थांबवलं आणि त्याच्या कानात विचारलं, "अंबूताई हल्ली कुठे राहतात हो?"

दगडोबाने मग पत्ता सांगितला. त्याचं हृदय आता चांगलं चालत होतं.

तात्पर्य: मुलांनो, पूजा नेहमी यंत्राचीच करावी. मात्र ज्याला काम येतं, त्याचा पत्ता गुपचूप लिहून ठेवावा.