ठोंबरेसाहेबांचं इतिवृत्त

परमेश्वर आहे की नाही, हा प्रश्न आमच्या न्यासाच्या दप्तरी गेली चार वर्षं तहकूब आहे. विश्वास बसत नसेल तर आमच्या खजिनदारांची वही उघडून पाहा. ‘परमेश्वराच्या अस्तित्वावर सविस्तर चर्चा झाली. सलीमभाई रिक्षावाले बाजूने बोलले, अध्यक्ष विरोधात बोलले. ऊन अंगावर आल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. सूचक: रुखमिनबाई. अनुमोदक: सर्व.’ पुढच्या सभेत माइक बिघडला आणि विषय राहिला तो राहिलाच.

ही वही लिहिणारे गंगाधरराव ठोंबरे म्हणजे सहकार खात्यातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं स्वतः लिहायला आणि लाल दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायला. ‘नोंद नाय, म्हंजी घडलं नाय,’ हे त्यांचं ब्रीद. माझ्या मुलीचा साखरपुडा झाला हे मी त्यांना मोठ्या आनंदानं सांगितलं, तर म्हणाले, ‘व्हय का? याद्या झाल्या का सह्यांसकट?’ मग पेढा घेतला.

आमच्या न्यासाचं नाव ‘विचारपार’. तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक होते, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, हा विषय कॉलेजात फार वर्षं कोंडून ठेवला, आता त्याला जरा वारा लागू द्यावा. त्यांनी फंडातले थोडे पैसे घातले, न्यास नोंदवला आणि पडेगावला कडुलिंबाच्या पारावर दर रविवारी सकाळी सात वाजता सभा सुरू केली. येईल त्यानं बसावं, सुचेल ते विचारावं. सर गेले, सभा राहिली. मी शाळेत भूगोल शिकवते. फिरायला गेले असताना चप्पल तुटली म्हणून त्या पारावर टेकले आणि तासाभरानं उठले ती न्यासाची चिटणीस होऊन. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचंही काहीतरी असंच झालं असणार.

आता कुठल्याही न्यासात कारभाराचं इतिवृत्त वेगळं असतं आणि भाषणं-चर्चा वेगळ्या. मी ठोंबरेसाहेबांना तसं सुचवलं होतं. ते दचकले. ‘ताई, दोन वह्या? उभी हयात मी दोन वह्यावाले पकडले. दोन वह्या ठेवणारा मान्स सरळ नसतो.’ त्यामुळे आमच्याकडं एकच वही. तिच्यात वरच्या ओळीला ‘मनुष्य स्वतंत्र आहे. बाजूने चार, विरोधात सात. ठराव नामंजूर’ आणि खालच्या ओळीला ‘माइकची वायर बदलण्यास मंजुरी.’

हिशेबाचंही तेच. सभेचा चहा ते ‘उद्दिष्टपूर्तीवरील खर्च’ या सदरात टाकतात, कारण चहाशिवाय विचार होत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. बिस्किटं मात्र ‘प्रशासकीय खर्च’. का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, ‘बिस्कुट खाताना मान्स बोलत नाय साहेब. विचार थांबतो.’ यावर दंतवैद्यांनी हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

एकदा दौलताबादकडच्या एका पेरूवाल्यानं सभेला पाचशे रुपये दिले. पावतीवर कशासाठी लिहू, असं ठोंबरेसाहेबांनी विचारल्यावर त्या भल्या माणसानं सांगितलं, ‘आत्म्यासाठी लिहा.’ झाला आत्मा निधी, राखीव. आणि पुढच्याच रविवारी आत्मा नाही असं दोन मतांनी मंजूर झालं! आम्ही विसरून गेलो. ठोंबरेसाहेबांना झोप लागेना. ज्या कामासाठी पैसे दिले ते कामच नाही म्हटल्यावर पैसे ठेवायचे कसे? सोमवारी ते स्कूटरवर दौलताबादला गेले, पेरूवाल्याला शोधून काढलं आणि पाचशे रुपये पुढं धरले. पेरूवाला म्हणाला, ‘आत्मा नाय तर राहू द्या, पोटासाठी घ्या.’ साहेबांनी जुनी पावती रद्द केली, नवी फाडली आणि घरी येऊन गाढ झोपले. वर दोन किलो पेरू विकत आणले, स्वतःच्या पैशानं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि एक दिवस सरकारी कार्यालयातून पत्र आलं. कागदोपत्रीच असलेले न्यास शोधायचं काम सुरू होतं. आमचा न्यास खरोखर चालतो हे दाखवण्यासाठी हिशेब आणि इतिवृत्त घेऊन हजर राहा, समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, असा मजकूर होता.

डॉक्टरांचा चेहरा त्यांच्या पेशंटसारखा झाला. दवाखान्यात आम्ही तिघं बसलो. त्यांनी वही चाळली आणि कपाळावर हात मारला. ‘अहो, ही वही सरकारी साहेबांपुढं ठेवायची? यात आपण काळ नाही असं मंजूर केलंय आणि खाली पुढच्या सभेची तारीख दिलीय! नवं रजिस्टर आणा. एका बैठकीत लिहून काढू. सभा खेळीमेळीत पार पडली, आभार मानले, चहापान झालं. सगळे असंच करतात.’

मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू?

ठोंबरेसाहेबांनी वही मिटून मांडीवर घेतली. ‘नाय,’ म्हणाले.

‘अहो, न्यास जाईल.’

‘जाईल तर जाईल. लिहिलं ते लिहिलं.’

डॉक्टर चिडले. रविवारी सकाळी माणसं कुठं जातील, गेलेल्या सरांना काय वाटेल, असं बरंच बोलले. ठोंबरेसाहेब ऐकून घेत होते. मग खाली बघतच म्हणाले, ‘मी एकदा खरं लिहिलं व्हतं. त्यात माझा भाऊ गेला.’

‘वारले?’ मी घाबरून विचारलं.

‘जिता हाय. लासूर टेशनला हाय. पण गेला.’

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ रंगनाथ गावच्या सोसायटीचा चेअरमन होता. तिचं ऑडिट ठोंबरेसाहेबांकडं आलं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून त्यांनी वरिष्ठांना विनवलं, पण माणूस नव्हता. मोजणीत खताच्या गोण्या कमी भरल्या. रंगनाथनं खाल्ल्या नव्हत्या. अडलेल्या लोकांना दिल्या होत्या आणि लिहून ठेवलं नव्हतं. दादा सांभाळून घेईल, या भरवशावर तो निवांत होता. दादानं जे होतं ते लिहिलं. रंगनाथची खुर्ची गेली. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

‘आता ही वही खोटी केली,’ ठोंबरेसाहेब म्हणाले, ‘तर माझा भाऊ फुकटच गेला की व्हो.’

मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. डॉक्टर उठले, त्यांनी तिघांसाठी चहा सांगितला. नव्या रजिस्टरचा विषय परत निघाला नाही. पण एक मला कळलं होतं. न्यास बंद झाला असता, तर आमचा रविवार मोकळा झाला असता. ठोंबरेसाहेबांची मात्र खरं लिहिण्यापायी दुसऱ्यांदा माणसं गेली असती.

ठरल्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो. निरीक्षक तरुण होते, चष्मा लावलेले, थकलेले. त्यांनी वही उघडली. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग खुर्ची पुढं ओढली.

‘ठराव क्रमांक एक्केचाळीस. जगात माझं असं काहीही नसतं. मंजूर. बाजूनं नऊ, विरोधात एक, रुखमिनबाई.’ त्यांनी वर पाहिलं. ‘या रुखमिनबाई कोण?’

‘भाजी विकत्यात,’ ठोंबरेसाहेब म्हणाले. ‘त्या म्हणल्या, माझा काटा माझाच हाय.’

‘आणि पुढच्या पानावर न्यासाच्या मालकीच्या दोन सतरंज्या. मग या सतरंज्या कुणाच्या?’

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

‘ठरावाप्रमाणं कुणाच्याच नायत, मालमत्ता यादीप्रमाणं न्यासाच्या हायेत,’ ठोंबरेसाहेब शांतपणे म्हणाले. ‘विसंगती हाय साहेब. समासात लाल पेनानं नोंदवलीय. स्वतःचं लिहिलेलं बी मी लालनं वाचतो.’

निरीक्षक हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. ते अर्धा तास वाचत राहिले. शेजारच्या टेबलावरचे कारकून मागं येऊन उभे राहिले. आत्मा निधीपाशी मात्र सगळ्यांच्या हसण्याचा बांध फुटला आणि एकानं तर डोळे पुसले.

शेवटी निरीक्षकांनी वही परत दिली. ‘माझ्याकडं येणाऱ्या वह्यांत सगळ्या सभा खेळीमेळीत पार पडतात. एक अक्षर इकडचं तिकडं नसतं. इथं माणसं भांडलीत, उठून गेलीत, परत आलीत. हा न्यास चालू आहे, तसा शेरा देतो.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण खजिनदारसाहेब, एवढे लोक बोलतात, तुमचं नाव बोलणाऱ्यांत एकदाही नाही. तुम्हाला काही प्रश्नच नाही का?’

‘लिहिणाऱ्यानं बोलू नाय साहेब,’ ठोंबरेसाहेब म्हणाले. ‘लिखाण वाकडं होतं.’

पुढचा रविवार मी विसरणार नाही. सभा सुरू झाली आणि ठोंबरेसाहेबांनी वही आणि निळं पेन माझ्या हातात दिलं. ‘ताई, आज तुमी लिहा.’ मग पारासमोर उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, ‘माझा एक प्रश्न हाय. खरं लिहिणारा मान्स चांगला भाऊ असतो का?’ आणि त्यांनी गोण्यांपासून सगळं सांगितलं.



सलीमभाईंनी आधी तोंड उघडलं. ‘साहब, सच लिखे सो बराबर किए. पन लिखने के बाद भाई के घर कू गए क्या?’

‘नाय.’

‘कायकू?’

‘कोणत्या तोंडानं जाऊ?’

‘आता बगा,’ रुखमिनबाई म्हणाल्या, ‘माझा काटा चोख हाय. गिऱ्हाइकाला पावशेर कमी भरलं तर मी तोंडावर सांगती, कमी भरलं. पण सांगून झालं की मूठभर कोथमीर वर टाकती का नाय? तुमी काटा दाखवला आन् निघून आले. कोथमीर कोन टाकायची?’

 माझं पेन थांबलं होतं. रुखमिनबाईंनी मला दटावलं, ‘लिवा ना मॅडम! पुढची सभा लासूर टेशनला. मी म्हनती.’ सलीमभाईंनी अनुमोदन दिलं. मी हात मोजले, सगळे वर होते. एकटे ठोंबरेसाहेब विरोधात. जागा बदलायची तर न्यासाच्या घटनेप्रमाणं सात दिवस आधी लेखी नोटीस लागते, म्हणाले. मग द्या, असं डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी दिली! सख्ख्या भावाला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली: ‘सभेस आपण उपस्थित राहावे ही नम्र विनंती. विषय: चांगला शेजारी कोणास म्हणावे.’ भाऊ शब्द लिहायचा धीर काही झाला नाही.

नोटिशीचे सात दिवस भरल्यावर, पुढच्या रविवारी आम्ही निघालो. डॉक्टरांच्या गाडीत रुखमिनबाई धरून आम्ही चौघं आणि मागं रिक्षात सलीमभाई, माइक आणि सतरंज्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. लासूरच्या अलीकडं बाभळीखाली गाडी थांबवून आम्ही जेवलो. ठोंबरेसाहेबांनी चार दशम्या खाल्ल्या, पाचवी मागितली, ती नव्हती. भीती वाटली की मला भूक लागते, असं त्यांनी कबूल केलं.

बाजारातल्या मोकळ्या शेडखाली सभा भरली. शेतमाल घेऊन आलेली माणसं टेकली, हमाल आले, विषय छान रंगला. अर्ध्या तासानं एक टोपीवाला म्हातारा आला आणि मागं रिकाम्या पोत्यांवर बसला. नाक थेट ठोंबरेसाहेबांचं. साहेबांनी मान वर केली नाही, पण एकच ओळ त्यांनी तीनदा लिहिली, ती आजही त्या पानावर आहे.  सभा संपली, माणसं पांगली, तरी तो बसूनच होता.

मग उठला. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश चालत आला, ठोंबरेसाहेबांच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्यांच्याकडं न बघता, माइकच्या वायरीकडं बघत म्हणाला, ‘दादा, जेवला का?’

ठोंबरेसाहेबांनी वही खाली ठेवली.

‘नाय रं,’ ते म्हणाले. ‘सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाय.’

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी रिकामा डबा पिशवीत खोल सरकवला.