गुरुवार ओढून काढल्याची हकिकत

आमच्या स्नेहवर्धन सोसायटीत गुरुवार अडकला आणि काही केल्या जाईना. गेटबाहेर शुक्रवार उजाडला, मग शनिवार उजाडला. लोक तिकडे जाऊन आपापली कामं उरकून येत, पण गेटच्या आत पाऊल टाकलं की पुन्हा गुरुवारचीच दुपार. ऊन तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर येऊन बसलं होतं ते तिथून हलत नव्हतं.

सुरुवातीला कोणाचीच तक्रार नव्हती. आमच्याकडची निम्मी माणसं कारखान्यांत आहेत आणि आमच्या भागात कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. बाहेर कितीही राबून आलं तरी घरी सुटीच, असा थाट होता. चेअरमन बेलसरे तर लुंगी नेसूनच हिंडू लागले. मग पाणी संपलं, कारण गुरुवारी आमचं पाणी बंद असतं. मग मटणावरून कुरबुर सुरू झाली, कारण गुरुवारी निम्म्या घरांत चालत नाही. पण ही सगळी रडगाणी होती. खरा प्रश्न खळदकरांच्या आक्कांचा होता.

आक्का ऐंशीच्या घरातल्या. गुरुवारचा त्यांचा उपास कडक, दिवसभर नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा आणि वरणभात खाऊन उपास सोडायचा, असा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. आता उपास धरला होता आणि दुसरा दिवस येत नव्हता.

त्यांची सून सुचेता शनिवारी आक्कांच्या खाटेशी जाऊन बसली. मी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून चौकशीला गेलो होतो, म्हणून हे बोलणं माझ्यासमोर झालं.

"आक्का, गेटबाहेर शनिवार आहे. रिक्षा बोलावते. तिकडे दोन घास खा, लगेच परत येऊ."

"शनवार मारुतीचा. शनवारी म्या खाती व्हय कवा?"

दुसऱ्या दिवशी सुचेताने रविवारचं सुचवून पाहिलं.

"त्यो लोकांचा रईवार," आक्का म्हणाल्या. "माझा गुरवार अजून सरला न्हाय. शेजारीण जेवली म्हून माझा उपास सुटतो व्हय गं?"

सोमवारी बाहेरून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, चेहरा पाडला आणि सलाइन लावायला सांगितलं.

"त्यात मीठ कंचं आसतं?" आक्कांनी विचारलं.

"साधंच," डॉक्टर म्हणाले.

"मंग न्हाय चालायचं. उपासाला सैंधव लागतं."

डॉक्टरांनी औषधांच्या दुकानांत फोन लावले. सैंधवाचं सलाइन कोणाकडेच नव्हतं. ते जाताना मला जिन्यात म्हणाले, "कुंजीर, लवकर काहीतरी करा. फार दिवस नाहीत." मी म्हटलं, दिवस एकच आहे, तीच तर अडचण आहे.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. गुरुवार अडकल्याचं लक्षात येताच सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लावली होती. आमच्या नियमांप्रमाणे नोटीस लावल्यावर मध्ये काही दिवस जावे लागतात, मगच सभा घेता येते. आमच्याकडे दिवस जातच नव्हता. नोटीस आपली तशीच ताजी.

बेलसरेंना सभेपर्यंत दम निघाला नाही. दिवस आमच्याकडून जातो तो पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यातून, टाकीखालून. प्रत्येक सोसायटीतून तो कुठून ना कुठून जातोच, आपण बघायला जात नाही इतकंच. तिथे वर्षानुवर्षं टाकीचं पाणी ठिबकून सगळी जागा गंजली होती आणि गुरुवार त्या गंजात घट्ट बसला होता. वाकून पाहिलं की त्याची कड दिसायची, बोटभर जाड, दुपारच्या उन्हाच्या रंगाची. बेलसरेंनी कारखान्यातून घण आणला आणि घातला त्या कडेवर. घाव बसला तसा गुरुवार आणखी आत गेला आणि दुपार मागे सरकली. आणखी दोन घाव घातल्यावर ऊन पुन्हा माथ्यावर आलं. आक्कांचा उपास तेवढा लांबला. बेलसरे घण टाकून घरी गेले आणि लुंगी बदलून पँट घालून आले, यावरून ते किती घाबरले होते ते समजावं.

सुचेता कोपऱ्यात आली ती बाहेरच्या बुधवारी, ऑफिसमधून परस्पर. ती विमा कंपनीत अधिकारी आहे, पण सुटीच्या दिवशी तिचे फक्त पाय दिसतात, बाकीची ती आपल्या जुन्या निळ्या गाडीखाली असते. तेल बदलणं, ब्रेक, बेअरिंग, सगळं घरच्या घरी. कौतुक केलं तर लाजणारी ती नव्हे. "गॅरेजवाल्यापेक्षा मला बरं येतं," असं ती तोंडावर सांगते, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते खरं करून दाखवते. आक्कांना मात्र हे कधीच पसंत नव्हतं. बाईमाणसानं गाडीखाली निजायचं हे त्यांना बघवत नसे, म्हणून गॅलरीत बसतानासुद्धा त्या पार्किंगकडे पाठ करून बसत.

सुचेताने कडेवरून बोट फिरवलं. "काका, हा खरं तर मागून ठोकून काढायला हवा."

"मग ठोक की."

"मागे गेल्या आठवड्याचा बुधवार आहे. तो होऊन गेला. तिथे उभं कोण राहणार?"

हे मला सुचलं नव्हतं.

"माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग असंच असतं," ती म्हणाली. "पाठीमागे हात घालायला जागाच नाही. ते पुढूनच ओढायचं." आणि तिने डिकीतून स्लाइड हॅमर काढला.

हे हत्यार मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तेव्हापासून मला त्याच्याविषयी फार आदर आहे. एक लांब सळई, पुढच्या टोकाला आतून पकडणारी नखं, मागे मूठ, आणि सळईवर पुढेमागे सरकणारा एक जड लोखंडी गोळा. नखं अडकलेल्या वस्तूत रोवायची, गोळा पुढे न्यायचा आणि झटक्यात आपल्याकडे खेचायचा. तो मुठीपाशी आपटतो आणि त्या हिसक्याने वस्तू बाहेर येते. हातोडा म्हटला की आपण समोरच्यावर उगारतो. हा एकच हातोडा असा आहे, जो माणूस स्वतःकडे मारतो.

"थांब," मी म्हणालो. "सामाईक भिंतीपाशी असं काही करायचं तर सभेची मंजुरी लागते."

"काका, बाहेर आज बुधवार आहे. आज हा निघाला तर बाहेरचा बुधवार आत येईल आणि आक्का जेवतील. उद्या निघाला तर आत काय येईल?"

"गुरुवार," मी म्हणालो.

आक्कांना लागोपाठ दुसरा गुरुवार झेपणार नव्हता, हे सांगायला डॉक्टर नको होता. मी आजवर नियमाच्या बाहेर एक कुंडीसुद्धा ठेवू दिलेली नाही. पण तेव्हा मी म्हणालो, "लाव तुझी नखं."

आक्कांना वर एकटं ठेवायला सुचेता तयार नव्हती. आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि शाल गुंडाळून निळ्या गाडीशेजारी बसवलं. त्यांच्यात आता मान फिरवायचीही ताकद नव्हती, त्यामुळे सुनेचं काम त्यांना समोरून बघावं लागलं.

बेलसरे गेटवर उभे राहिले, बाहेरची वेळ ओरडून सांगायला.

सुचेताने आधी गंजावर तेल सोडलं आणि नुसती उभी राहिली. मी घाई करायला लागलो तेव्हा म्हणाली, "तेलाला मुरू द्यावं लागतं, काका." मग गॅसची बत्ती पेटवून भिंत शेकायला लागली. मी विचारलं, गुरुवारच का शेकत नाहीस? "तापवायची ती भिंत. भिंत फुगली की सैल होते. हा फुगला तर आणखी घट्ट बसेल." माझ्या मनात आलं, एवढी अक्कल जिच्या हातात आहे तिला आम्ही इतके दिवस नोटीस वाचायला लावत होतो.

"बाहेर ऊन उतरलं!" बेलसरे ओरडले.

तिने नखं कडेच्या आत घातली, पाय रोवले आणि गोळा खेचला. ठण्. काही झालं नाही. पुन्हा खेचला. ठण्. माथ्यावरचं ऊन जरासं कललं. गॅलऱ्यांतून लोक एकदम बोलायला लागले. ठण्. ठण्. सावल्या लांबल्या, ऊन तिसऱ्या मजल्यावर आलं, दुसऱ्या मजल्यावर उतरलं. आणि मग अडलं. पाचसहा हिसके दिले तरी गुरुवार जागचा हलेना. वर पाहिलं तर ए विंगेवर संध्याकाळ होती आणि बी विंगेवर रणरणती दुपार.

"बाहेर दिवे लागले!" बेलसरेंचा आवाज चिरकला.

सुचेताने दात आवळून आणखी जोरात खेचला. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

"तिरकं वडतीयास," आक्का म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की आधी कोण बोललं ते कळलं नाही.

"उजवीकडनं आलाय त्यो. डावीकडनं ऱ्हायलाय. तिकडनं धर."

सुचेताला कोणी शिकवलेलं चालत नाही. एकदा मी तिला टायरमधल्या हवेबद्दल काही सांगायला गेलो होतो, त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. ती आक्कांकडे वळली. मग म्हणाली, "हं." नखं सोडवली, डाव्या अंगाला नेऊन रोवली, तिथे थोडं तेल सोडलं, थोडं शेकलं आणि सरळ रेषेत गोळा खेचला.

ठण्.

गुरुवार सुटला. सुचेता सळईसकट मागे आपटली आणि तो तिच्या पायाशी घरंगळत येऊन आडवा झाला. त्याच क्षणी गेटमधून बाहेरचा बुधवार आत शिरला. सोबत डास आले, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आला, कोणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास आला. वर सगळ्यांचे उघडे राहिलेले नळ धो धो वाहायला लागले, कारण बुधवारी पाणी असतं.

"सरला का गं?" आक्कांनी विचारलं.

"सरला, आक्का."

आक्कांनी तिथेच हातपाय धुतले, बसल्या जागेवरून देवाला हात जोडले. सुचेताचा नवरा वरून वरणभात घेऊन आला. सुचेताचे हात तेलाने आणि रक्ताने माखलेले, म्हणून ती चमच्याने भरवायला लागली, आणि भरवता भरवता ढसाढसा रडायला लागली. मीही रडलो. बेलसरे गेटवरच रडले.

"रडतीस काय," आक्का म्हणाल्या. "मीठ वाढ."

काढलेला गुरुवार सुचेताने पुसून गाडीच्या डिकीत ठेवला आहे. ती जुनं बेअरिंगसुद्धा टाकत नाही. त्याच संध्याकाळी तिने टाकीची गळती बंद केली, गंज घासून काढला आणि त्या जागेत चांगलं मूठ मूठ ग्रीस भरलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे गुरुवार आला. आक्कांनी नेहमीप्रमाणे उपास धरला. दुपारच्या चहाच्या सुमारास पार्किंगच्या कोपऱ्यातून सुळ्ळ असा आवाज आला आणि गुरुवार निघून गेला. शुक्रवार यायला अजून पुष्कळ अवकाश होता. बाहेरचा गुरुवार आत येऊ शकत नव्हता, कारण आमचा एकदा येऊन गेला होता. त्यामुळे सोसायटीत कुठलाच वार उरला नाही. नळाला पाणी मात्र आलं.

"आता वार कंचा?" आक्कांनी विचारलं.

"कुठलाच नाही," सुचेता म्हणाली.

आक्कांनी थोडा विचार केला. "मंग वाढ," म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्याकडे दर गुरुवारी असंच होतं. बाकीचे दिवस आपापल्या वेळेला जातात. मी त्याबद्दल सुचेताला विचारलं. ती म्हणाली, "गुरुवारला जास्त ग्रीस लागतं, काका. एकदा अडकलेला आहे तो." कारण तांत्रिक होतं, मी मान्य केलं. बेलसरेंनी मात्र लेखी तक्रार दिली आहे, की आठवड्याची सुटी अर्ध्यावर येते, तरी ग्रीस कमी करावं. ती मी सभेपुढे ठेवणार आहे. सभा गुरुवारी संध्याकाळी बोलावली आहे.

काल बुधवार होता. सुचेता कोपऱ्यात बसून ग्रीस भरत होती आणि आक्का गॅलरीत खुर्ची पार्किंगकडे वळवून बसल्या होत्या. सुचेताने डब्याचं झाकण लावलं तशा त्या कठड्यावरून वाकल्या.

"आनी थोडं लाव की गं," त्या म्हणाल्या. "उद्या लई भूक लागनार हाय."