दत्तूकाकांच्या माश्या

पेणच्या रामवाडीत आमच्या शेजारी दत्तूकाका म्हात्रे राहतात. त्यांच्या घरात माशी मारायला परवानगी लागते. ती सहसा मिळत नाही. मिळालीच तर इतक्या उशिरा, की तोवर माशी म्हातारपणाने गेलेली असते.

“थांबा मास्तर! कोणती हाय ती बघू दे आधी,” म्हणत काका खिशातून भिंग काढतात. नुसतं ‘माशी’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. “तुमाला कोण ‘एक माणूस आला’ म्हनतो काय? नाव हाय ना तुमाला?”

एकदा त्यांच्याकडे माझ्या चहात माशी पडली. काकांनी ती चिमट्याने अलगद उचलली, रद्दीच्या कागदावर वाळत घातली, पाठीवरचे केस मोजले आणि तोच कप मला परत दिला. “प्या. साधी घरमाशी हाय.” जणू खास माशी असती तर चहाही दुसरा मिळाला असता.

काकांनी चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली. पुढे हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. नजर मात्र शाबूत राहिली. बहात्तराव्या वर्षी चष्मा नाही, हे ते ओळख नसलेल्या माणसालाही सांगतात. भुवईचा एकेक केस ओढणाऱ्या या नजरेला काहीतरी काम हवं होतं. ते त्यांना रोह्याच्या नारायण ठाकूरांनी दिलं.

हे ठाकूर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. कागदावर हुद्दा ‘व्रणोपचारक’, लोकांच्या तोंडी ड्रेसर. हयातभर त्यांनी गुरांच्या जखमांतल्या अळ्या काढल्या आणि त्या घालणाऱ्या माश्या ओळखायला शिकले. दत्तूकाका त्यांचे जुने मित्र; काकांचा ब्रश सुटला तेव्हा त्यांनी काकांना स्वतःचं भिंग दिलं आणि दुसऱ्याच्या अंगावर पिल्लं वाढवणाऱ्या माश्यांचं शास्त्र शिकवलं. एकीच्या पाठीच्या टोकाखाली छोटीशी उशी असते, ती सुरवंटावर अंडी घालते. दोन निळ्या-हिरव्या माश्या तर जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा. पंखाच्या मुळाशी कोंड्याच्या कणाएवढी झडप असते. ती तपकिरी असेल तर माशी मेलेल्या जनावरावर अंडी घालते. पांढरी असेल तर जिवंत जनावराच्या जखमेत, आणि मग अळ्या त्याला जिवंतपणी खातात. सगळा फरक त्या झडपेचा.

हे ज्ञान काका कुठेही वापरतात. आमच्या सोसायटीच्या कमानीचं उद्घाटन करायला एक पुढारी आले होते. विकासाची गंगा व्यासपीठावरून वाहत असताना त्यांच्या कॉलरवर एक हिरवी माशी बसली. काका उठले आणि थेट वर गेले. पुढाऱ्यांना वाटलं, हार आला. त्यांनी सवयीने मान खाली घातली. काकांनी भिंग लावून तिथे निवांत पाहिलं आणि माईक जवळच असल्यामुळे साऱ्या रामवाडीला ऐकू गेलं, “घाबरू नका सायेब! ही मेलेल्यावर बसनारी हाय. तुमी हाव तवर तुमाला काय करायची नाय.”

गंगा तिथेच आटली.

गेल्या महिन्यात काकांचा पाय मुरगळला. बुधवारी संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. “मास्तर, उद्या यांच्यासंगं रोह्याला जाल काय? लंगडत निघालेत. नारायणभावजींचे डोळे गेले ना गेल्या वर्षी. काचबिंदू. तवापासून ते कोनाशी बोलत नाय, खाटेवरून उठत नाय. एकट्या गुरवारी उठतात, दाढी करतात. हे माशी घेऊन जातात म्हनून. मागं एक गुरवार चुकला, तर दोन दिस जेवले नाय.”

निघायच्या सकाळीच पलीकडच्या गोठ्यातल्या गायीच्या शिंगामागच्या जखमेवर एक माशी सापडली. काकांनी भिंग लावलं आणि ओरडले, “पांढरी! झडप पांढरी हाय! डॉक्टरला बोलवा आत्ताच्या आत्ता!” मलाही दाखवली. मलासुद्धा पांढरी दिसली. डॉक्टर आले, जखम साफ झाली, गाय वाचली. मेलेली माशी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत बसली आणि आम्ही एसटीत.

रोह्यात ठाकूर खुर्चीत ताठ बसले होते. ताजी दाढी, हनुवटीवर कापलेलं.

“काय आनलंस?”

शेजारचे मास्तर सोबत आलेत, असं सांगून काकांनी माशी चिमट्यात धरली. “साधीच दिसते रे. मेलेल्यावरची. झडप तपकिरी हाय.”

मी चमकलो. “काका, सकाळी तर...”

काकांनी माझ्या पायावर पाय दिला. घाईत मुरगळलेलाच दिला आणि स्वतःच कळवळले.

“काय झालं?” ठाकूरांनी विचारलं.

“चिमट्यातून सटकली.”

“कुठं गावली ही?”

“गायीच्या जखमेवर.”

“गाय जिती?”

“जिती.”

ठाकूर खुर्चीत पुढे सरकले. “मग मेल्या, मेलेल्यावरची म्हनून काय सांगतोस? खिडकीशी जा. उजेड पाठीमागून घे, नाय तर झडपेवर सावली पडते. शिकवलंवतं ना तुला? बघ आता.”

काका आज्ञाधारकपणे लंगडत खिडकीशी गेले. भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिल्यासारखं केलं. चेहऱ्यावर सकाळचाच आनंद, पण आता उसना.

“अरे व्हय रे, नारू! पांढरी हाय!”

“हाय ना!” ठाकूरांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंत मास्तर? चाळीस वर्सं देवाचे डोळे काढले यानं, आनि हितं आंधळ्यानं दाखवायला लागतं! गाय मेली असती ना रे! डॉक्टरला फोन कर आधी.”

“करतो, करतो,” काका म्हणाले.

आतून ठाकूरांची सून चहा-पोळी घेऊन आली. ठाकूरांनी तिच्याकडे स्वतःहून दुसरी पोळी मागितली. ती थबकून त्यांच्याकडे बघतच राहिली.

परतीच्या एसटीत नागोठणे आलं. मला राहवेना. “काका, झडप सकाळी पाहिलीत तेव्हाच पांढरी होती.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. “वय झालं मास्तर. आता पयल्यासारखं दिसत नाय.”

आम्ही मागून तिसऱ्या बाकावर होतो. थोड्या वेळाने ते डोळे बारीक करून म्हणाले, “त्या ड्रायवरच्या मानेवर बघा. नर हाय. दोन डोळे एकमेकांना चिकटलेत.”